वहीत नसलेला सातवा प्रश्न

या, जरा जवळ सरका. रोज माझ्या ब्लॉगवर येता, वाचता आणि गुपचूप पळता... दोन ओळी लिहायला हात दुखतात का तुमचे? बरं, ऐका. चमत्काराच्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. हसायचे मी.

आम्ही भोपाळला, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, मुलाच्या क्वार्टरमध्ये राहतो. सून मेधा घरून एक फुकट वाटायचं सॉफ्टवेअर सांभाळते. आजारी पोराचं वजन टाकलं की औषध किती द्यायचं ते सांगतं. खेड्यांतले दवाखाने वापरतात. कोड सगळ्यांना खुला, कुठून कुठून लोक बदल पाठवतात. पण आमची मेधा पक्की! नवे प्रयोग एका ब्रँचमध्ये, म्हणजे कोडच्या वेगळ्या प्रतीत, दवाखान्यांना जाणारी रिलीज ब्रँच वेगळी — तिथे फक्त तपासलेल्या दुरुस्त्या. शेवटी टॅग, म्हणजे आवृत्तीचा शिक्का. एकदा बाहेर गेला की तो हलवायचा नाही. चूक निघाली तर नवा नंबर.

टॅगआधी तिचे सहा प्रश्न मी वहीतून मोठ्याने वाचते. "स्वतःच वाचलं की डोळे हो-हो म्हणत पुढे पळतात, आई." मी मॅट्रिकही नाही, पण या कामात माझा मान मोठा!

त्या दिवशी सकाळी अकराला मटार सोलत मी वाचत होते. सहा झाले. ती टॅग करणार, तेवढ्यात मी वाचलं, "सातवा — तान्ह्या बाळांच्या डोसची दुरुस्ती इकडे घेतली का?"

"आई, सात कुठले? सहाच आहेत."

"अगं, समोर लिहिलंय की! निळ्या शाईत."

"पक्का?" हसली, पण तपासलंच तिने. मग पुन्हा एकदा पाहिलं. दुरुस्ती नव्या ब्रँचमध्ये होती, रिलीज ब्रँचमध्ये आणायची राहिली होती! तसाच टॅग गेला असता तर तान्ह्यांना दुप्पट औषध...

तिने ती आणली, सगळ्या चाचण्या पुन्हा चालवल्या, मगच टॅग केला. वर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं — 'ही माझ्याकडून राहिली होती. आईंनी विचारलं म्हणून सापडली.' दुसरी कुणी असती तर लपवलं असतं हो!

मग वही पाहिली. सहाच प्रश्न. खाली कोरं पान... ती दुरुस्ती मला ठाऊकसुद्धा नव्हती. घरात कधी विषय निघालाच नव्हता. मग मी वाचलं ते काय? आजही उलगडलेलं नाही.

मेधा म्हणते, "आई, कुठून का येईना, प्रश्न बरोबर होता." पण मला आता एकटीने वाचायला धाकधूक होते. पुढच्या रिलीजला या ना, माझ्या शेजारी बसून पानावर नजर ठेवा. हबीबगंज स्टेशनला उतरा, नवं नाव काही असो, मेधा घ्यायला येईल. लवकर या हं...