ठिणगी पलटण वेशीत उतरत नाही

पंचशीलाच्या कादंबरीतली ठिणगी पलटण साऱ्या राज्यात नावाजलेली. दोन चंद्रांच्या त्या मुलखात ही माणसं बोलत्या घोड्यांवरून यायची, पण लढायची जमिनीवर. तिघांनी खाली उडी मारून बंदुकांचा बार काढायचा, चौथ्यानं चारी घोड्यांचे लगाम धरायचे. पलटणीत सरदारांची पोरं नव्हती. ज्यांच्या बापजाद्यांना घोड्यावर बसायची बंदी होती, त्यांचीच लेकरं होती. कायदा एकच: उतरायचं ते फक्त बार काढायला.

हा कायदा काही आभाळातून पडला नव्हता. पंचशीलाचा आजा नरसिंग लग्नात भाड्याच्या घोडीवर बसला, तेव्हा गावकऱ्यांनी वेशीत वरात अडवली. बाशिंग बांधलेल्या नवरदेवाला खाली उतरवून चावडीपुढून चालत नेलं. रीत म्हणे! लग्नाच्या दिवशी माणसाची माती करायची आणि वर तिला रीत म्हणायचं. म्हातारा पुन्हा कुणाच्या वरातीला गेला नाही.

पंचशीला हदगावला एसटीत कंडक्टर. दोन फेऱ्यांच्या मधे स्टँडवर बसून तिनं मोबाइलवर कादंबरी लिहिली. लातूरच्या एका प्रकाशकानं ती घेतली, तेव्हा डेपोत पेढे वाटले. आज छपाईआधीची प्रत मोबाइलवर आली आणि शेवटच्या पानावर ती थबकली. जिंकून आलेली पलटण गडाच्या वेशीत घोड्यांवरून उतरते आणि मान खाली घालून सरदारापुढून चालत जाते. यातलं अक्षरही तिचं नव्हतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं प्रकाशकाकडच्या संपादक शिवमूर्तींना फोन लावला.

“सर, माझी पलटण कुणी उतरवली?”

“मीच की, ताई. किती गोड शेवट झाला बघा! एवढी शूर माणसं, पण थोरामोठ्यांचा मान ठेवतात. वाचकाला असंच आवडतं.”

गोड! ज्याचं जळतं त्यालाच कळतं. शिवमूर्ती माणूस वाईट नव्हता, याचीच तर जास्त चीड. गावकऱ्यांनी एका नवरदेवाला दरडावून उतरवलं होतं. यानं खुर्चीत बसून, कौतुक करत करत, अख्खी पलटण उतरवली.

“ते पान काढा.”

“अहो, सगळं काल्पनिकच हाय की! दोन चंद्र, बोलणारे घोडे. एवढं काय मनाला लावून घेऊन राहिलात?”

“काल्पनिक हाय म्हणूनच, सर. खऱ्या गावात माझा आजा उतरला. मी रचलेल्या गावात बी उतरवायचं व्हय? ते पान ठेवायचं असंल तर पुस्तक छापू नका.”

“दुसरं कुणी छापणार न्हाई, ताई. विचार करा.”

“केलाय.”

तिनं फोन ठेवला. पेढे खाल्लेली माणसं उद्या विचारतील, पुस्तक कुठंय म्हणून. तिला रडूच फुटलं. पण गाडी भरली होती आणि ड्रायव्हर बजरंग हॉर्न वाजवत होता. ती डोळे पुसून चढली.

वाटेत आज्याचं गाव लागलं. वेशीतून आत शिरल्यावर चावडीपुढं बजरंगनं रोजच्यासारखी गाडी हळू केली. पंचशीलानं गाडी सोडायला घंटीची दोरी दोनदा ओढली.

“चल रे,” ती ओरडली, “हितं कुणी उतरणार न्हाई.”