तांड्यावरची पाठवणी

मेटाडोर ठरल्या वेळी सुटली, याचं श्रेय मी घेते. भालकीच्या आमच्या महिला मंडळाच्या बायका लमाणी लोकांचा पोशाख, भरतकाम आणि गाणी बघायला निघाल्या होत्या. कडगंचीपलीकडच्या एका तांड्याच्या नायकांनी (प्रमुखांनी) पुतणीच्या लग्नाला सगळ्यांना बोलावलं होतं. मी प्रत्येकीला गजरा दिला, बसायची जागा नेमून दिली. बसवकल्याण येईपर्यंत एकही बाई जागेवर नव्हती. गाण्यांच्या भेंड्यांसाठी सगळ्या मागं जाऊन कोंबून बसल्या होत्या.

आळंदला चहा झाला. पुढं काळी मोकळी रानं, बांधावर तुराट्यांचे ढीग. आणि एकदम रंगच रंग! आरसे लावलेले फेटिया (घेरदार घागरे) उन्हात चमकत होते. आम्ही खिडक्यांतून ओरडलोच.

उतरलो आणि जागीच थबकलो. पहिल्याच घरापुढं एक मुलगी आणि एक प्रौढ बाई गळ्यात गळा घालून, सूर लावून, मोठमोठ्यानं रडत होत्या.

"मयत झालीय," मी म्हणाले. "गजरे काढा. डोक्यावर पदर घ्या. कुणी हसायचं न्हाई."

गजरे माझ्या पिशवीत गेले. विमलवहिनी आमच्यात सर्वांत मायाळू आणि सर्वांत घाईच्या. त्या तोवर पुढं पोचल्या होत्या. मुलीच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "रडू नको लेकरा. कोण गेलं गं?"

मुलीनं मान वर केली. "कोण न्हाई गेलं. मीच जायलेय. दुपारी."

"अगं बाई! कुठं?"

"सासरी!"

आणि ती फिस्सकन हसली. ही सोनकी, म्हणजे नवरी. ती प्रौढ बाई तिची मावशी, लग्नासाठी आलेली. इथं खूप दिवसांनी भेटलेल्या बायका अशाच रडून भेटतात. आणि जाताना नवरी सजवलेल्या बैलावर उभी राहून ढावलो (निरोपाचं रडगाणं) गाते.

सोनकीचं हसू मात्र थांबेना. मावशीनं सूर धरून दिला की ती तोंड उघडायची, विमलवहिनींकडं बघायची आणि ओढणीत तोंड लपवायची.

"हसायलीस कामून गं?" मावशी चिडली. मग आमच्याकडं वळली. "अक्का, तांड्याच्या बायांनी महिनाभर शिकवलंय हिला. आता बैलावर उभी राहून हसली तर सासरचे म्हणतील, पोरीला आईबापाची मायाच न्हाई. जल्मभर ऐकावं लागंल."

मी लगेच कांदा सुचवला.

"कांद्यानं पाणी येतंय डोळ्याला," मावशी म्हणाली. " तोंडाला शब्द येतेत का?"

बाटी (ज्वारीची भाकरी) आणि कडाव (गुळाचा शिरा) फार चवदार होते, पण आमचं सगळ्यांचं लक्ष सोनकीकडंच होतं. अंगणात बैल सजून उभा राहिला. सोनकी अजून हसतच होती, आणि आता घाबरलीही होती.

विमलवहिनी उठल्या. मी त्यांचा पदर धरला, तो सोडवून त्या सोनकीजवळ जाऊन बसल्या. शेजारीच बसलेल्या सोनकीच्या आईच्या केसांत दोन्ही कानांशी चांदीच्या टोपल्या (लोंबते दागिने) गुंफलेल्या होत्या. त्या टोपल्यांकडं बघत वहिनींनी सहज विचारलं, "आईची वेणी कोण घालतंय गं?"

"मीच की."

"आन् उद्या?"

सोनकीनं आईकडं बघितलं. हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे भरून वाहायला लागले. मग ती बैलाच्या पाठीवर चढली, दोन्ही हात वर केले आणि असा सूर लावला की बैलानंही मान फिरवली. मला त्यातला 'याडी' (आई) एवढाच शब्द कळत होता. तेवढा पुरला. आमच्या सगळ्यांच्या नाकाडोळ्यांना पाणी. मावशी रडता रडताच आमच्याकडं बघून मान डोलावत होती, झकास झालं म्हणून.

परतताना गाडीत सगळ्यांनी तो सूर लावून बघितला. ड्रायव्हरनं दोनदा गाडी थांबवून विचारलं, कुणाला बरं न्हाई का. मला वाटत राहिलं, आपण पोरींना सगळं शिकवतो; निघताना काय बोलायचं तेवढं जिच्या तिच्यावर सोडतो.

भालकीच्या स्टँडवर उतरलो. विमलवहिनींचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या लांब. तरी त्यांनी मला मिठी मारून गळा काढला, "अगं माझ्या शेजारणी गंऽऽ, आता कवा दिसशील गंऽऽ!" उदगीरच्या बसमधली माणसं खिडक्यांतून बघायला लागली.

आता माझी पाळी होती. मीही वहिनींना घट्ट धरलं, डोळे मिटले, सूर लावला. शब्द आले ते एवढेच: "वहिनीऽऽ, तुमचा डबा माझ्या पिशवीत राहिलाय गंऽऽ!"