शंकामावशींचा ओढा

शंकामावशींचा कशावरच विश्वास नव्हता. दुधाच्या कॅनवरच्या तारखेवर नव्हता, हवामानाच्या अ‍ॅपवर नव्हता आणि "मी जेवूनच आलोय" म्हणणाऱ्या पाहुण्यावर तर मुळीच नव्हता. नागपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर त्या अमेरिकेत हर्नडनला लेकीकडे आल्या. मी शेजारच्या टाउनहाउसमध्ये भाड्याने राहायचो. माझ्याकडे गाडी होती आणि शनिवार मोकळा असायचा, त्यामुळे त्यांना डोंगरात न्यायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

तिथे एका ओढ्यातल्या खडकांवर वाढणाऱ्या हिरवट पापुद्र्यांवर त्यांचा जीव होता. "मसाल्यात दगडफूल घालतो ना, त्याचे हे पाण्यातले भाऊबंद," त्यांनी पहिल्यांदा दाखवलं तेव्हा सांगितलं होतं. उन्हाळा सरताना ओढा आटला आणि खडकावर नुसते काळपट पापुद्रे उरले. मी म्हणालो, "गेलं हे, मावशी."

"कोणी सांगितलं?" ओढ्याचं पाणी मीच तोडल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाटलीतलं पाणी खडकावर ओतलं. काही मिनिटांत पापुद्रे मऊ पडले आणि हिरवट दिसू लागले. "धरून चालायचं नाही कधी. निम्मे घोटाळे धरून चालल्यानेच होतात."

फोटो काढतानाही त्या माझ्या खांद्यावरून डोकवायच्या. "आधी लोकेशन बंद कर. फोन चुगलखोर असतो."

"इथे कोण येणारे चोरायला?"

"चोर नाही येत. हौशी येतात."

मला त्या संशयाचा थोडा रागच यायचा. त्याच आठवड्यात ऑफिसातल्या मित्राने पिकनिकसाठी सावलीची जागा विचारली, आणि मी त्याला ओढ्याचं लोकेशन पाठवून दिलं. कोरडाच तर होता.

दोन आठवड्यांनी आम्ही गेलो, तर मावशींच्या खडकावर कोळशाची राख होती. बाजूला कणसांची सालं पडली होती. मावशींनी राख हाताने बाजूला केली आणि बाटली ओतली. आम्ही बराच वेळ बसलो. त्यांनी दुसरी बाटली ओतली. खडक काळाच राहिला.

"तू कुणाला सांगितलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

आता पुढचा प्रश्न येणार म्हणून मी खाली बघत रिकाम्या बाटल्या गोळा करू लागलो. मावशींचा पुढचा प्रश्न नेहमी यायचा. त्या दिवशी आला नाही. "तू नाहीच सांगणार," असं म्हणून त्या उठल्या. परतीच्या वाटेवर त्यांनी ट्रेकिंगवाल्यांवर, जंगलखात्यावर आणि स्वतःच्या जावयावरही संशय घेतला. माझ्यावर नाही.

पुढच्या वर्षी त्या कायमच्या नागपूरला परतल्या. विमानतळावर त्यांनी पर्समधून एक छोटी वही काढून मला दिली. आणखी चार ओढ्यांच्या वाटा त्यात बारीक अक्षरांत लिहिल्या होत्या. "लेकीलासुद्धा दाखवली नाही," त्या म्हणाल्या. "तिच्या पोटात काही राहत नाही. तुझ्याकडे असू दे."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी वही घेतली आणि त्यांच्या पाया पडलो.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. आता कोणी विश्वासाने मला काही सांगू लागलं, की मी त्याला आधी थांबवतो.