बुधवारचा संडास

लघवी पहिल्यांदा लाल झाली ती ऐन उन्हाळ्यात. पांढरकवड्याला हायवेवर मी ट्रक रंगवतो. दिवसभर तापल्या पत्र्याशी काम, म्हणून उष्णतेचं असेल असं धरून धन्याचं पाणी पीत राहिलो. दुखलं असतं तर लवकर गेलो असतो, दुखत नव्हतं. रक्ताच्या गुठळ्या पडायला लागल्या तेव्हा यवतमाळ गाठलं. दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली, तपासायला पाठवली. मूत्राशयाचा कॅन्सर निघाला.

माझं गाव सांगलीकडं. शाळा सहावीत सुटली. बायको-पोरं गावीच असतात. त्यांना मुतखडा म्हणून सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर मूत्राशयाचं चित्र काढलं. गाठ आतल्या थरातून खाली उतरलीय, स्नायूपर्यंत पोचलेली नाही, पण जात चिवट आहे, असं त्या म्हणाल्या. आता दोन मार्ग. सहा आठवडे दर बुधवारी नळीनं आत औषध सोडायचं आणि पुढं कित्येक वर्षं दुर्बिणीची तपासणी. नाहीतर मूत्राशयच काढायचं, लघवीसाठी पोटाला कायमची थैली. "मी आधी औषध म्हणेन," त्या म्हणाल्या. "गाठ परत आली, तर काढावंच लागेल."

मीही औषधच म्हणत होतो. मग त्यांनी पथ्य सांगितलं. टीबीच्या लसीतलेच जिवंत जंतू या औषधात असतात. त्या दिवशी सहा तास प्रत्येक वेळी बसूनच लघवी करायची, वर ब्लीचिंगचं पाणी ओतायचं, पंधरा मिनिटं थांबून मग बादली मारायची.

"मॅडम, काढूनच टाका," मी म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, आत्ता तर नको म्हणत होतात!"

कारण होतं माझ्या राहण्याचं. मी हायवेवरच्याच एका मेकॅनिकच्या घरात भाड्यानं राहतो. त्यांची सात माणसं, त्यात तीन लहान पोरं, मी आठवा, आणि अंगणात संडास एकच. टीबीचं औषध म्हटल्यावर कोण राहू देईल? दुसरी खोली शोधायची ताकद माझ्यात नव्हती. त्यापेक्षा पोट कापलेलं सोपं वाटलं. बाईंनी विचार करायला आठवडा दिला.

घरी येऊन ओट्यावर बसलो तो उठवेना. मेकॅनिकची आई, आम्ही तिला चाची म्हणतो, लसूण सोलत होती.

"काहून रे, तोंड कायले पाडलं? डॉक्टरनं काय सांगतलं?"

थकलो होतो. सगळं सांगून टाकलं, थैली, जंतू, ब्लीचिंग.

चाचीच्या हातातला लसूण थांबला. "पोराइले लागन का ते?"

"नाही म्हणाल्या. ब्लीचिंग टाकायचं, हात धुवायचे, तेवढं पाळलं की झालं."

"मंग पंधरा मिनटासाठी पोट फाडून घेतं का? येडा झाला का तू? तुये चाचा बिडी घेऊन अर्धा अर्धा घंटा बसते आतमंदी, त्याइले म्हणलं कोणी काही?"

आतून चाचांचा खोकला आला. "मी आयकून राह्यलो बरं!"

"आयका मंग! बुधवारी बिडी बाहेर ओढा." मग माझ्याकडं वळून, "बायकोले सांगतलं का?"

"मुतखडा म्हणून."

"लाव फोन. माह्यासमोर लाव."

लावला. खरं काय ते बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, जेवायला कोण देतं. मी फोन चाचीकडं दिला.

सहा बुधवार गेले. दवाखान्यात औषध आत धरून दोन तास कुशी बदलत पडायचं, मग एसटीनं परत. अंगात कणकण, लघवीला आग. दारात पोचेपर्यंत जीव नकोसा व्हायचा. त्या दिवशी संडासाच्या कडीला लाल दुपट्टा बांधलेला असायचा, म्हणजे इतर कुणी जायचं नाही; एरवी तो बाजूच्या खिळ्याला. पोरं शेजारच्यांच्या संडासात पळायची. ब्लीचिंगचा डबा चाचीनंच आणून ठेवला होता.

परवाच्या दुर्बिणीत आत काही दिसलं नाही. बाई म्हणाल्या, "सध्या चांगलं आहे." सध्या या शब्दापाशी माझं मन अडकून बसलंय. तीन महिन्यांनी परत तपासणी, आणि औषधाचे आणखी तीन बुधवार.

त्या दिवशी घरी येऊन मी खिळ्याचा दुपट्टा सोडायला लागलो.

"राहू दे बांधलेला," चाची म्हणाली, "अजून तीन बुधवार हायेत ना? कुठी शोधत बसू मी त्याले मंग?"