पडद्यावरचे बाबा

बाबांवर सिनेमा निघाला तेव्हा ते जाऊन काही वर्षं झाली होती. राजारामपुरीतल्या एका गाळ्यात त्यांनी रेडिओ दुरुस्तीने सुरुवात केली. मग स्वतः अ‍ॅम्प्लिफायर बनवले, आणि आमच्या भागात टीव्ही फारसा कुणी पाहिलाही नव्हता तेव्हा सुटे भाग जमवून घरीच एक जोडला. पुढे कारखाना झाला, आमच्या आडनावाला शहरात वजन आलं. आईने सिनेमाला परवानगी दिली.

पहिल्या खेळाला आई आणि मी शेजारी बसलो होतो. मध्यंतरानंतर गच्चीचा प्रसंग आला. पडद्यावरचे बाबा अँटेना फिरवतात, खालून लहान मुलगी ओरडते, "दिसलं, बाबा, दिसलं!" ते धावत खाली येतात, तिला कडेवर उचलतात आणि म्हणतात, "हे सगळं तुझ्यासाठीच केलं गं." मला हुंदका आवरेना. मागच्या बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

ती मुलगी म्हणजे मी. त्या दिवशी मी खरंच जिन्यात उभी राहून ओरडले होते. बाबा खाली आले, टीव्हीच्या पडद्याकडे बघितलं, "अजून मुंग्या आहेत," म्हणाले आणि पुन्हा मागचं झाकण उघडून बसले. मला वाटतं, मी तिथे उभी आहे हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

परत येताना रिक्षात आईने विचारलं, "कुणासाठी रडलीस गं?"

"बाबांसाठी."

"ते गेलं तवा तर रडली न्हाईस. आल्यागेल्याला च्या देत फिरत हुतीस की."

 त्या दिवशी रडू यावं म्हणून मी न्हाणीघरात जाऊन उभीसुद्धा राहिले होते. आलं नव्हतं. आणि आता मेकअप केलेल्या परक्या माणसासाठी रुमाल भिजला होता. त्याहून वाईट म्हणजे, त्यानंतर बाबांना आठवायला गेलं की आधी त्या नटाचाच चेहरा यायचा, हसरा. मी कपाटातला बाबांचा फोटो काढून बघत बसायचे. फोटोतले बाबा हसत नाहीत.

महिन्याभराने तो नट आईच्या पाया पडायला घरी आला. साधा, हळू बोलणारा मुलगा.

"बसा की, पावणं," आईने बाबांच्या खुर्चीकडे हात केला.

तो अवघडून बसला. आईने त्याला गच्चीवरचं ते वाक्य म्हणायला लावलं. त्याने मान खाली घालून म्हटलं. मी दारात उभी होते आणि माझे डोळे पुन्हा भरले. मला स्वतःचीच लाज वाटली.

"बरं म्हणतोस," आई म्हणाली. "आता जरा गप बस. कायबी बोलू नगं. हातात काम हाय असं समज आणि खाली बघ."

त्याने तसं केलं. खांदे वाकवले, बोटं गुडघ्यावर जुळवली, बघता बघता आम्हाला विसरूनच गेला. आई त्याच्याकडे बघत राहिली.

"हां. असं," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

मी स्वयंपाकघरात निघून गेले. आईला ज्या माणसाची आठवण येत होती, तो न बोलणारा, वर न बघणारा माणूस मला कधी पुरलाच नव्हता. आणि आज तोच समोर बसलेला असताना मला मात्र तो नट पुन्हा बोलायला हवा होता.

तो गेल्यावर आई म्हणाली, "आता तो शिनिमा पुन्ना बघू नगंस. तुझं बाबा पुसलं जातील."

मी हो म्हटलं. पुढच्याच आठवड्यात बाजारात जाते असं सांगून बाहेर पडले आणि दुपारच्या खेळाचं एकच तिकीट काढलं. गच्चीचा प्रसंग संपल्यावर उठून आले, येताना भाजी घेतली. आईने पिशवीतली मेथी निवडायला घेतली, मीही समोर बसून निवडू लागले. तिला हे अजून सांगितलेलं नाही.