अक्काचं नख

शेवटच्या भेटीत अक्काला माणसं ओळखू येत नव्हती, पण हात ओळखू येत होते. जिंतूरच्या घरात खाटेवर पडलेली माझी थोरली बहीण, नव्वदीला टेकलेली. सवयीनं तिनं माझा हात ओढून घेतला, अंगठ्यानं हाडं दाबली आणि मनगटावर येऊन थांबली. नातवानं घेऊन दिलेलं भारीतलं, नवंकोरं घड्याळ होतं. पट्ट्याच्या कड्यांवरून नख फिरवून म्हणाली, "पेच ढिला हाय रं." मला डोळ्यांनी दिसला नव्हता तो स्क्रू. तीन दिवसांनी अक्का गेली. आज सव्वा महिना झाला...

आमचं घर कासाराचं. वडील लवकर गेले, मग अक्कानंच बांगड्या भरून मला वाढवलं, उर्दू शिकायला घातलं. त्या उर्दूच्या जोरावर निजामाच्या राजवटीत मी एका जहागीरदाराच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. त्या काळाच्या गोष्टी सांगताना लोक स्वतःला शूर करून घेतात. मी कसला शूर? पक्का भित्रा होतो.

जहागीरदारांनी हैदराबादेहून सोन्याच्या पट्ट्याचं घड्याळ आणलं. रोज सकाळी त्याला चावी द्यायचं काम माझ्याकडे. चौथ्याच दिवशी पट्टा सुटला, घड्याळ फरशीवर आपटलं आणि एक स्क्रू गायब झाला. "सोन्याची कडी काढायला स्क्रू तूच सोडलास," असं म्हणून त्यांनी माफीनामा लिहवून पुढे टाकला. सही केली की मी चोर, हे मला कळत होतं. तरी केली.

घरी सांगितलं. अक्का एवढंच म्हणाली, "तू सोडला व्हतास?"

"नाही."

"मंग सही कशाची केलीस, मुडद्या?"

दुसऱ्या दिवशी अक्काला जनान्यातून बोलावणं होतं. ईद तोंडावर आली होती. ती बांगड्यांच्या माळा घेऊन आत गेली आणि मी मान खाली घालून पडद्याबाहेर उभा, शेजारी जहागीरदार. अक्कानं त्यांच्या बेगमसाहेबांचा उजवा हात बांगड्यांनी भरला, डावा अलगद खाली ठेवला आणि माळा गुंडाळायला लागली. आत एकच गलका उठला. एक हात भरलेला, एक रिकामा, सणाला अशी बाई चार बायकांत बसणार कशी?

"भरते की," अक्का म्हणाली. "आदी त्ये घड्याळ आना."

घड्याळ आत गेलं. अक्कानं एकेका स्क्रूला नख लावलं. सगळेच्या सगळे नखानं फिरले! मग तिचा आवाज पार कचेरीपर्यंत गेला, "एक माज्या भावानं सोडला म्हनता. मंग ह्ये बाकीचे कुनी सोडले? ज्यानं इकलं त्यानं कसलेच न्हाईत. भरताना बांगडी फुटली तर कासारीन गिऱ्हाइकाला बोल लावती का? फुटली ती माजी. तसं ह्ये घड्याळ इकनाऱ्याचं. माजा भाऊ चोर न्हाई!"

"कासारीण, जबान सांभाळ!" जहागीरदार ओरडले.

आतून बेगमसाहेब शांतपणे म्हणाल्या, "वो कागज इधर लाओ. मेरा हात खाली है."

कागद आत गेला, फाटला, आणि डावा हात भरला. घड्याळ हैदराबादेला परत गेलं. वाटेत मी अक्काचे पाय धरायला वाकलो तर फटकन म्हणाली, "मी बोलले, तू मुका. पुडच्या वेळी तू बोल." ती वेळ मी आयुष्यभर टाळत आलो. साहेब बदलले, राज्य बदललं, माझी मान हलायची थांबली नाही. लाज वाटते सांगायला...

अक्काचे दिवस झाल्यावर नातवाला घेऊन, त्यानं घड्याळ घेतलं होतं त्या परभणीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं पट्टा उलटसुलट केला. "आजोबा, हा तुम्हीच उघडून बघितलाय, वॉरंटीत बसत नाही. तसं वर लिहितो, आधी खाली सही करा." कोरा कागद पुढे सरकवून पेन हातात दिलं. नातू कानाशी लागला, "जाऊ द्या ना आजोबा."

एकदा जाऊ दिलं होतं की! मी शेजारच्या स्क्रूला नख लावलं. तोही फिरला.

"मी सोडला न्हाई," मी म्हणालो. कचेरीतली मराठी कुठं गेली कुणास ठाऊक, आवाज अक्काचाच निघाला. सगळं दुकान वळून बघायला लागलं. "सही करनार न्हाई. तुमी कसले न्हाईत, तुमीच कसून द्या."

त्यानं सगळे स्क्रू कसून दिले. घड्याळ माझ्या हातावर आहे, रोज सकाळी त्यावरून नख फिरवतो.

कागद कोराच परत केला, अक्का.