पोफळीची गोदा

"अगो, ही बाई तू नव्हेसच!" राजेंद्ररावांनी मोबाइल टेबलावर ठेवला नाही, आपटला.

"मग कोण? माझी सवत?" कोळंबी सोलता सोलता प्रभावती म्हणाली. सून नम्रता तोंड फिरवून हसली.

भांडण सकाळपासून चाललं होतं. गणपतीला मुंबईकर आले की दाखवायची म्हणून राजेंद्ररावांनी सहा महिने खपून भावकीची वंशावळ साइटवर चढवली होती. आज साइटनेच विचारलं होतं, या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत का? एक त्यांनी भरलेली: प्रभावती, जन्म एक जून. दुसरी प्रभावतीच्या माहेरच्या, पोफळी गावच्या भाच्याने, सर्वेशने भरलेली: गोदा, रावजींची मुलगी, जन्म ऑगस्टचा, हेदवीला, म्हणजे याच गावात दिलेली.

"तारीख जुळते का? नाही. विषय संपला."

"एक जून शाळेत मास्तरांनी घातली. माझ्या वर्गातली अर्धी पोरं एक जूनलाच जन्मलेली."

"आणि नाव?"

"ते तुम्ही बदललंत. तांदळात अंगठीने लिहून. मला कोणी विचारलं नव्हतं."

राजेंद्ररावांनी मोबाइल सुनेकडे सरकवला. "हे बघ, ही आमच्या भावकीची वंशावळ आहे. तुझी पोफळीची माणसं त्यात कशाला?"

प्रभावतीने मान वर केली. त्यांच्या वंशावळीत तिच्या डोक्यावर कोरी जागा होती. राजेंद्ररावांच्या वर सात पिढ्या, आणि ती जणू वाटेत सापडलेली.

"नोंदी एक केल्या तर काय होईल गो?" तिने सुनेला विचारलं.

"तुमचे आईबाबा, आजोबा, सगळे वर जोडले जातील. आई, सर्वेशने इथे एक फोटोपण लावलाय."

फोटो वहीच्या पानाचा होता. भाताच्या बियाण्याच्या हिशेबाखाली रावजींचं वाकडंतिकडं अक्षर: 'नारळी पौर्णिमा. पहाटे मुलगी झाली. नाव गोदा. दोघी सुखरूप.'

प्रभावतीने हात धुतले, पदराला पुसले आणि पुन्हा वाचलं. तीस वर्षं अंगणवाडीत तिने गावच्या पोरांच्या जन्मतारखा लिहिल्या होत्या. आपण तिसरी मुलगी, आपली कोण कशाला टिपून ठेवतो, असंच ती धरून चालली होती. बाबांनी आयुष्यात चार वाक्यं धड लिहिली असतील. त्यातली ही.

"साइट विचारतेय, वर कुठलं नाव ठेवायचं?" नम्रता म्हणाली.

"प्रभावती ठेव," राजेंद्रराव म्हणाले. आवाज आता बराच खाली आला होता. "मी आवडीने ठेवलेलं नाव आहे ते."

"चांगलंच आहे. चाळीस वर्षं वापरलं, काही तक्रार नाही." प्रभावती कोळंबीचं भांडं उचलून उभी राहिली. "नम्रता, दोन्ही नोंदी एक कर. वर नाव गोदा, तारीख बाबांच्या वहीतली. प्रभावती खाली 'इतर नावे'मध्ये घाल. आणि रविवारी मी ती वही बघायला पोफळीला जातेय. दोन दिवस राहणार. जेवणाचं तुमचं तुम्ही बघा."